मूळ भिंत

चर्चच्या भिंतीचा पिवळा थर खरवडून काढला, तेव्हा तो रंग असताना ज्यांचा बाप्तिस्मा झाला होता ती गावातली सगळी पोरं पिवळी भुकटी होऊन जागच्या जागी पडली. आयांनी ती सुपात भरून घरी नेली. वारसा समितीने चहा मागवला.

समितीचा अध्यक्ष लॅन्सी मच्याडो. आडनाव गावचं, पण बाप्तिस्मा वांद्र्याचा, त्यामुळे कुठलाही थर निघाला तरी त्याच्या केसाला धक्का लागणार नव्हता. त्याला खाडीकाठचं हे चर्च बांधलं तेव्हा होतं तसं हवं होतं, उघड्या दगडाचं. रविवारच्या मिस्साला तो कधी फिरकला नाही. इथे गुडघे टेकले ते फक्त फरशीचे फोटो काढायला. गावातली युफ्रेजाबाय त्याला 'दगड्या' म्हणे, आणि त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे.

पिवळ्याखाली हिरवा होता. युफ्रेजाबायचा मुलगा बोनी हिरव्यातला, त्या रंगाच्या काळात बाप्तिस्मा झालेला. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला व्हा, आंटी. हा रंग नंतरचा आहे. मूळ नाही."

"माझा बोनीही नंतरचाच आहे."

"माणसं काय, येतात-जातात. वास्तू राहिली पाहिजे."

"कोणासाठी रे, दगड्या?"

लॅन्सीने घड्याळ पाहिलं. दोघा गवंड्यांनी तिला उचलून बाकावर बसवलं. फादरही बदलीवर आलेले, बाहेरगावचे. त्यांनी 'फार वाईट वाटतं' म्हणत दार लोटून घेतलं.

ती घरी पोचली तेव्हा बोनी कमरेपर्यंत उरला होता. खालचा त्याने स्वतःच घमेल्यात गोळा केला होता.

"आय, मला परत लाव," तो म्हणाला. "भिंतीवर. सगळ्यांनाच लाव."

"बरं."

"पाणी बेताने घाल. पातळ केलंस तर मी ओघळेन."

एवढं सांगून तो घमेल्यात गेला. ती रडली नाही. रडण्याचं पाणी त्यात पडलं असतं.

उद्घाटनाच्या सकाळी ती सुपंवाल्या आयांना घेऊन चर्चमध्ये शिरली. पोरं आणि बोनी त्यांनी एकत्र कालवले. नाजूक पोपटी रंग झाला. पलीकडच्या भिंतीवर गवंडी हिरव्याखालच्या निळ्याला लागले होते. या सगळ्या बाया निळ्यातल्या, त्यामुळे युफ्रेजाबायचा डावा हात निळा होऊन गळून पडला. तिने तोही पायाने बादलीत लोटला आणि उजव्या हाताने कुंचा मारत राहिली. कुंचा फिरेल तिथे भिंत कोमट होत होती. एका कोपऱ्यात भिंत खोकली.

पाहुणे आले तेव्हा बायांपैकी कोणी उरलं नव्हतं, कुंचा जमिनीवर पडला होता आणि बादलीत निळं काहीतरी ढवळल्यासारखं फिरत होतं. कडक इस्त्रीचे, अत्तर लावलेले, खांद्यावर कॅमेरे टांगलेले लोक. गावातलं एकही माणूस का दिसत नाही, हे त्यांच्यापैकी कोणी विचारलं नाही.

"ही शेड कोणी निवडली?" एका बाईने विचारलं. "किती ऑथेंटिक आहे!"

"समितीने," रंगाकडे पहिल्यांदाच बघत लॅन्सी म्हणाला.

मग सगळे भिंतीला पाठ टेकून फोटोला उभे राहिले. मधोमध लॅन्सी. भिंत अजून ओली होती.

"हसा," फोटोग्राफर म्हणाला. ते हसले. फोटो निघाला. मग पांगायला म्हणून त्यांनी पाऊल उचललं, आणि लॅन्सीच्या कोटाच्या दोन्ही खांद्यांवरून पोपटी, इवली इवली बोटं पुढे आली आणि हळूहळू मिटू लागली.