उपाशी फ्लास्क

स्वस्थ बसणं मला जमत नाही, मित्रांनो. त्याबद्दल कोणी मला नावंही ठेवत नाही, कारण मला आणलंच त्यासाठी. मी प्रयोगशाळेतला एक जुना शेकर आहे. दिसायला बुटक्या फ्रिजसारखा, फक्त माझ्या पोटात गारव्याऐवजी ऊब असते. आत एक पत्रा आहे, पत्र्यावर पोलादी चिमटे आहेत, चिमट्यांत काचेचे फ्लास्क अडकवतात आणि मग मी ते गोल गोल घुसळत राहतो. फ्लास्कमधल्या रसात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवंत पेशी असतात. त्यांना हवा मिळावी, त्या तळाशी पेंगत बसू नयेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! पाहुणे आले की आधी मला दाखवत. आवाज इतका कमी, की मी चालू आहे की बंद हे कळायला लोक माझ्या दाराला कान लावत. वर्षं गेली. आता माझ्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, दाराची मूठ चिकटपट्टीने बांधली आहे आणि मी सुरू झालो की शेजारच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणतात. नव्याने आलेल्या मुली माझ्याकडे बघून नाक मुरडतात. मुरडू देत. त्यांचे फ्लास्क शेवटी माझ्याच पोटात येतात.

सगळ्यात अवघड काम मला म्हातारपणी मिळालं, आणि ते ताईंनी दिलं. ताई इथल्या शास्त्रज्ञ. त्यांची धाकटी बहीण पहिल्यांदा त्यांचा विसरलेला डबा घेऊन आली तेव्हा दारातूनच "ताईऽऽ" अशी ओरडली होती. तेव्हापासून त्या सगळ्यांच्या ताई झाल्या आणि ती सगळ्यांची धाकटी. धाकटीच्या शरीरात जन्मापासून एक खोट आहे. आपण जेवतो त्यातून थोडा अमोनिया तयार होतो आणि शरीर तो बाहेर टाकतं. तिच्या शरीराला ते जमत नाही. तो रक्तात साठतो, डोक्यात चढतो, ती काहीबाही बरळायला लागते, आणि मग दवाखाना. डाळ, दूध, अंडं, सगळं मोजूनमापून. ऐन विशीतली पोर, आणि मैत्रिणी ताव मारत असताना ही उकडलेला बटाटा चघळत बसते.

ताईंनी आणि त्यांच्या सरांनी मिळून एक पेशी घडवली. घडवली म्हणजे अक्षरशः घडवली. तिची जनुकं आधी कॉम्प्युटरवर लिहिली, मग तुकड्यातुकड्यांनी तयार करून जोडली आणि आतून रिकाम्या केलेल्या एका पेशीत बसवली. ही पेशी माणसाच्या आतड्यात राहणार आणि अमोनिया खाऊन टाकणार. धाकटीसारख्या कितीतरी जणांना पोटभर जेवता येणार. सरांची छाती फुगायची ती काही उगाच नाही.

पण असला जीव बाहेर मोकाट सुटला तर? म्हणून त्याला लगाम घातला होता. जगात कुठेही आपोआप सापडत नाही असा एक पदार्थ मिळाला तरच ही पेशी जगायची. त्याला सगळे खाऊ म्हणत. औषधाबरोबर खाऊ द्यायचा. पोटाबाहेर पडली की खाऊ बंद आणि पेशी खलास. लगाम पक्का आहे ना, हे बघायला ताई रोज संध्याकाळी माझ्यात दोन फ्लास्क ठेवत. एकात खाऊ, दुसऱ्यात नाही. त्या दुसऱ्याचं नावच उपाशी. सकाळी खाऊवाला दुधासारखा गढूळ झालेला असायचा, पेशी वाढल्याची ती खूण. उपाशी मात्र स्वच्छ. ताई तो खिडकीशी धरून म्हणायच्या, "काही नाही!" आणि अख्खी लॅब खूश व्हायची. काहीही न घडल्याचा असा आनंद दुसऱ्या कुठे होत असेल, असं मला वाटत नाही.

नियम एका रात्रीचा होता. सकाळी बघायचं, वाफेच्या भट्टीत टाकून पेशी मारायच्या, की झालं. जास्त वेळ थांबून बघावं, असं कोणाच्या मनात आलं नाही.

मग एकदा, लागून सुट्ट्या येणार होत्या त्याच्या आदल्या संध्याकाळी, ताईंचा फोन वाजला. धाकटीला दवाखान्यात नेलं होतं. ताई हातातलं सगळं टाकून धावल्या, आणि खाऊवाल्या शेजाऱ्यासकट उपाशी माझ्याच पोटात राहिला. सुट्टीभर मी त्याला घुसळत होतो. सुरुवातीला तो स्वच्छ होता. मग त्याच्या पाण्यावर धुक्यासारखं काहीतरी आलं. मग पलीकडचा चिमटा त्यातून दिसेनासा झाला. माझी काय तगमग झाली म्हणून सांगू! मला ओरडता येतं ते फक्त ऊब कमीजास्त झाली तर. ऊब अगदी बरोबर होती.

सुट्ट्या संपल्यावर ताईंनी दार उघडलं आणि फ्लास्क खिडकीशी धरला. मग त्यांनी सरांना बोलावलं.

"बाहेरचा जंतू शिरला असेल," सर म्हणाले.

आमच्या पेशीला एक खूण ठेवली होती. निळ्या दिव्याखाली ती हिरवी चमकते, बाहेरचा जंतू नाही चमकत. ताईंनी दिवा लावला. फ्लास्क हिरवा झाला.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "हा खटारा किती हलतो बघ. शेजारच्या फ्लास्कमधला खाऊ उडाला असणार यात. अगं, पुढच्या महिन्यात पहिल्या रुग्णांना औषध द्यायचंय. त्यात तुझी बहीण आहे. या डबड्यापायी सगळं थांबवायचं?"

खटारा! डबडं! मित्रांनो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. फ्लास्कच्या तोंडाला कापसाचे बोळे असतात. इतक्या वर्षांत माझ्याकडून एक थेंब इकडचा तिकडे झालेला नाही.

"असेलही, सर," ताई म्हणाल्या. "मग एकदा उपाशीला एकट्यालाच ठेवू या. शेजारी कोणी नको. आणि या वेळी लवकर काढायचा नाही."

सरांनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. धाकटी त्यांनाही दिसत होती.

आता माझी पंचाईत बघा. पाणी स्वच्छ राहिलं, तर दोष माझा, मी भंगारात, आणि धाकटीला औषध. पाणी गढूळ झालं, तर मी निर्दोष, आणि औषध गेलं. पहिल्या दिवशी मी रागाने फिरत होतो. मग दवाखान्यातून सुटलेली धाकटी आली. गालफडं बसलेली, हाताला सुईचे निळे डाग. माझ्या दाराच्या काचेला नाक लावून तिने विचारलं, "ताई, यात काहीच व्हायला नको ना?"

"काहीच नको."

"ए म्हाताऱ्या, ऐकलंस ना?" तिने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या क्षणापासून मला मनापासून वाटायला लागलं, की दोष माझाच निघावा. भंगार तर भंगार.

पाणी स्वच्छ राहिलं. सर शीळ घालायला लागले, नव्या शेकरची चौकशीही त्यांनी केली, आणि मला त्याचा आनंद झाला. मग एका दुपारी तेच धुकं आलं. निळा दिवा, हिरवा फ्लास्क. कोट्यवधी पेशींच्या गर्दीत एखादीने आपल्या जनुकांतली चार अक्षरं बदलून घेतली होती आणि ती खाऊशिवाय जगायला शिकली होती. तिची प्रजा डोळ्यांना दिसण्याइतकी वाढायला एक रात्र पुरत नव्हती, एवढंच. औषध थांबवण्याचा फोन सरांनी स्वतः केला.

धाकटीला ताईंनी माझ्यासमोरच सांगितलं.

"म्हणजे माझं औषध गेलं?"

"गेलं नाही. लांबलं."

"किती?"

"माहीत नाही गं."

"एक फ्लास्क, ताई! तू दवाखान्यात आली नसतीस तर कोणाला कळलंही नसतं. आणि ती बाहेर जाऊन करणार काय? अमोनियाच खाणार ना?"

"मातीतला अमोनिया झाडं खातात," ताई म्हणाल्या. "ही पेशी तुझ्या पोटातून गटारात जाईल, गटारातून शेतात. तिथे कुठे थांबायचं ते तिला माहीत नाही. आणि तिला परत बोलवायचं कसं, ते मला माहीत नाही."

"मला जगायचंय, ताई."

धाकटी निघून गेली, आणि पुढे कितीतरी दिवस फिरकली नाही. सगळे फ्लास्क वाफेच्या भट्टीत गेले. मी रिकामाच फिरत राहिलो, कारण मला बंद करायचं ताईंच्या लक्षातच राहिलं नाही.

आता नवी पेशी आहे. तिला एकाऐवजी दोन लगाम आहेत, वेगवेगळ्या जागी. उपाशी पुन्हा माझ्या पोटात आहे आणि बरेच दिवस झाले तरी स्वच्छ आहे. आज धाकटी आली. मधे तिला आणखी दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. ताईंनी मला थांबवलं, फ्लास्क काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीशी धरला.

"काही नाही," ती म्हणाली.

"पुरे ना आता? काढू या?" ताईंनी विचारलं. ताई, बरं का! ज्यांनी सगळं थांबवलं होतं, त्या.

अमोनिया वाढला की धाकटीचे हात थरथरतात. मी बंद होतो, तरी फ्लास्कमधलं पाणी हलत होतं.

"नको. राहू दे अजून," ती म्हणाली. तिने स्वतः फ्लास्क चिमट्यात अडकवला, दार लावलं आणि माझं बटण दाबलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला अधूनमधून तेलपाणी केलंत तर बरंच होईल. पण खरं मागणं वेगळं आहे. उद्या तुम्ही काही जिवंत घडवलंत, तर नियमाची रात्र संपली म्हणून पाठ फिरवू नका, त्याच्याकडे बघत राहा. ज्याला त्याची गरज आहे त्यालाही जवळ बोलवा, आणि जे दिसेल ते खरं सांगा. आणि हे सगळं लवकर करा. फार वेळ लावू नका. तिचा हात मी पाहिला आहे.