मंचावरचा मुका तंबोरा

मी तंबोरा बोलतोय. माझ्या भोपळ्याची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझं वय दोनशे वर्षं. बरं, शंभर धरा. बाईंच्या आईंनी लग्नानंतर मला घरी आणलं तेव्हा मी नवाकोरा होतो, म्हणजे... हिशेब तुमचा तुम्हीच करा.

आई रोज सकाळी मला छातीशी धरून बसायच्या. कुकर चढवायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत गायचं. त्या गेल्या आणि मी लेकीकडे, म्हणजे बाईंकडे आलो. तेव्हापासून कपाटामागे, गवसणीत. दक्षिण आशियाई कलामहोत्सव आला की ती निघते. वर्षातून एकदा अंग पुसलं जातं.

बाई गातात सुरेख. फक्त सूर फोन धरतो. फोनमधला तंबोरा वाजतो आणि मी मागे शोभेला. धाकटी जाऊ मला धरून बसते आणि तारांपासून बोटभर लांब बोटं हलवते. फोटोत कळत नाही.

"ताई, एकदा खरंच छेडू का?" ती दरवर्षी विचारते.

"नको गं. लागलेला नाहीये तो."

"मग लावा की."

"वेळ कुठाय? तू आपली हसत बस, तेवढं तुला छान जमतं."

गेल्या वर्षी गाणं सुरू व्हायच्या आधी महोत्सवाचे चिटणीस म्हणाले, "पुढच्या खेपेला मागे मोठा पडदा येतोय, फिरत्या चित्रांचा. तंबोरा दाराशी प्रदर्शनात मांडू. 'हात लावू नये' अशी पाटी लावली की झालं."

म्हणजे मंचावरची ती माझी शेवटची संध्याकाळ. मला एकदाच वाजायचं होतं.

बाईंनी डोळे मिटून आलाप घेतला आणि फोनवर दिरांचा फोन आला. सूर तुटला. बाई फोन कापायला गेल्या आणि घाईत उचलून बसल्या. सभागृहभर दीर बोलले, "वहिनी, इथे गाडी लावायला जागाच नाही हो."

"यांना आत्ताच मुहूर्त सापडला," जाऊबाई पुटपुटल्या, आणि दचकलेली बोटं तारांवर पडली.

मी वाजलो. असा सुरात वाजलो, की चहाचे कप ओठांपाशीच थबकले. बाईंनी माझाच षड्ज उचलला आणि मन भरेपर्यंत गायल्या.

आता मी दाराशी टेबलावर आडवा आहे. माणसं पाटी वाचतात, हात मागे बांधून पुढे सरकतात. एरवी रांगेत घुसणारी माणसं इथेच कशी शहाण्यासारखी वागतात, देव जाणे. कुणीतरी आगाऊ निघा रे. पाटी वाचूच नका, एवढंच मागणं.

आता खोटं कुठलं, तेही सांगतो. फोन आला, दीर बोलले, बोटं पडली, हे खरं. सुरात वाजलो, हे खोटं. इतकी वर्षं कुणी खुंटी पिळली नव्हती. सैल तार भणभणते तसा भणभणलो. लोक हसले. बाईंनी वळून माझ्या तारांवर तळहात ठेवला आणि मी गप्प होईपर्यंत दाबून धरला.

तो तळहात मात्र खरा. आईंच्या हातासारखाच उबदार होता.