मरळीचा चारा

भाऊरावमामाची होडी म्हणजे ट्रकची ट्यूब. नागपूर रोडवरच्या पंक्चरवाल्याने टाकाऊ म्हणून दिलेली, जागोजाग ठिगळं लावलेली. मधल्या भोकावर पोत्याची बैठक शिवलेली होती. पाय मात्र पाण्यातच राहायचे. वल्ही म्हणून मामा दोन्ही हातांत मामीच्या धुण्याच्या मोगऱ्या घ्यायचा. म्हणून रविवारचं धुणं सोमवारवर जायचं आणि कुसुममामी शेजारणींना सांगायची की आमच्या मोगऱ्या मासोळ्या मारायला गेल्या आहेत.

मामा सौंसरच्या तहसील कचेरीत चपराशी होता. शहाऐंशीच्या जानेवारीत मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन, नोकरीच्या अर्जांची उत्तरं येईपर्यंत, त्याच्याकडे राहत होतो. ज्या रविवारची ही गोष्ट, त्या दिवशी घरात काळजी होती इंदूची. इंदू मामाची मुलगी, आदल्या उन्हाळ्यात सावरगावला दिलेली. बी.ए.ची शेवटची परीक्षा मार्चमध्ये होती, म्हणून ती अभ्यासाला माहेरी आली होती. पण तिकडे कापूस फुटला होता, वेचायला माणसं पुरत नव्हती, आणि तिचे सासरे श्रावणजी तिला न्यायला दुपारच्या बसने येणार होते. ती गेली की परीक्षा बुडाली, हे सगळ्यांना कळत होतं.

श्रावणजींना मरळ मासा फार आवडायचा. लग्नातच मामाने त्यांना सांगून ठेवलं होतं की तुम्ही घरी या, मी माझ्या हाताने मारलेली मरळ खाऊ घालतो. आता बेत असा होता की आधी मरळ वाढायची आणि हात धुता धुता इंदूचा विषय काढायचा.

लोधीखेड्याच्या वाटेवरच्या तलावावर आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. मामाने काठाशी फडकं धरून बोटाएवढ्या मासोळ्या पकडल्या. हा गळाचा चारा. डालड्याच्या डब्यात त्या जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी कॉलेजातून आणलेला थर्मामीटर पाण्यात धरला. पारा सोळा अंशांवर थांबला. मी म्हणालो की पाणी इतकं गार असलं की मासा सुस्तावतो, चाऱ्यामागे धावत नाही.

"मंग आपण ताट त्याच्या तोंडापुढं नेऊ," मामा म्हणाला आणि मोगऱ्या घेऊन ट्यूबवर बसला. चाऱ्याचा एक लहान डबा त्याने ट्यूबला बांधून घेतला होता.

काठाजवळ सगळीकडे शेवाळ आणि कमळाच्या देठांची गर्दी होती. गळ तिथून टाकला तर अडकतो आणि चालत गेलं तर माणूस मांडीपर्यंत चिखलात रुततो. मामाची ट्यूब मात्र त्यावरून पानासारखी सरकत गेली. मोगरीचा आवाज येत नव्हता. ऊन वर आल्यावर तो शेवाळाच्या बाहेरच्या कडेला थांबला आणि नुसता पाहत बसला. मरळीला हवेतला श्वास घ्यायला वर यावं लागतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मामा त्याच एका बुडबुड्याची वाट पाहत होता. थंडीने पाय बधिर झाले असणार, पण तो हलला नाही. इतकं स्थिर बसलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी तर तो जेवतानाही गप्प बसत नसे.

बुडबुडा उठला. मामाने मनगटाच्या एका झटक्याने मासोळी नेमकी त्याच्या पुढ्यात टाकली. गळाचा नायलॉनचा दोरा, तंगूस, ताणला गेला आणि ट्यूब गर्रकन फिरून माणसासकट निघाली. मामाने मोगऱ्या मांडीखाली दाबल्या, दोन्ही हातांनी तंगूस कधी सोडत, कधी ओढत तो मरळीला थकवू लागला. एकदा ती वर आली. काळी पाठ, मनगटापेक्षा जाड. मग तिने कमळाच्या देठांत बुडी मारली, देठांना वेढे दिले आणि तंगूस तुटला.

मामा काठावर आला. पाय जांभळे पडले होते, बोटांना तंगूस कापला होता. डब्यांकडे बघून म्हणाला, "चारा तरी हाय."

घरी मामीने त्या मासोळ्या राखेने चोळून धुतल्या, तिखट-मीठ लावलं. श्रावणजी आले, जयभीम झाला, बाजेवर बसून पाणी प्याले. मरळीचं काय झालं ते सांगायला मामाची जीभ उचलेना. तेवढ्यात आतून मामीने नेहमीच्या मोठ्या आवाजात मला विचारलं, "काऊन रे, चारा सारा तळून टाकू का?"

बाहेर सगळ्यांना ते ऐकू गेलं. इंदू दारात पुस्तक धरून उभी होती.

श्रावणजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "इवाई," ते आपल्या व्याह्याला म्हणाले, "मी बैल होय का जी?"

मग मामाला सगळं सांगावं लागलं. ट्यूब कशी फिरली ते त्याने बाजेवर बसल्या बसल्या फिरून दाखवलं. श्रावणजी ऐकत होते, आणि ताट आल्यावर ऐकता ऐकता खात होते. मासोळ्या डोक्यासकट कुरकुरीत झाल्या होत्या. ज्वारीच्या भाकरीबरोबर त्यांनी ताट साफ केलं आणि आणखी मागितल्या.

"चारा त बेस हाय," बोटं चाटत ते म्हणाले. "गळ कुठं हाय ते सांगा आता."

मामाने खाली पाहिलं. "इंदूले परीक्षा होईपर्यंत इथंच राहू द्या."

श्रावणजी बराच वेळ दातातला काटा काढत बसले.

"मरळ हुशार. चारा खाऊन सुटून गेली. मी सारा खाल्ला अन् बसूनच राहिलो," ते म्हणाले. "पण कापूस कोण येचन?"

"मी येतो. दर रविवारी."

"तुमाले येते का?"

"शिकवजा."

इंदू आत गेली. मामीने जेवायचं विचारलं ते तिला ऐकू गेलं नाही. ती चुलीजवळ बसून वाचायला लागली होती.

पुढच्या रविवारी ट्यूब भिंतीवर खिळ्याला लटकलेली होती आणि मामीचं धुणं रविवारीच झालं. मामा पहिल्या बसने पांढुर्ण्याकडे गेला, तिथून जाम नदी ओलांडून सावरगावला. संध्याकाळी परतला तेव्हा बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडली होती. जेवताना तो मला एका फांदीवर किती बोंडं येतात आणि ती कशी उमलतात ते सांगत होता आणि मधेच थांबून, इंदूच्या वाचण्याचा आवाज येतो का, ते ऐकत होता.