होकाराचं भाष्य

पागधरे मास्तरांना गप्प बसवणं डहाणूत अजून कुणाला जमलं नव्हतं. बाप, आजा, पणजा सगळे होडीवरचे. हा एकटा पोरगा मुंबईला जाऊन एम.ए. झाला, आणि तोही कशात, तर तत्त्वज्ञानात! तलासरीच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात प्राचीन ग्रीक संवादांवर मराठीत भाष्य लिहायचे. त्या संवादांतला म्हातारा बाजारात भेटेल त्याला प्रश्न विचारत सुटतो. समोरचा ‘हो’, ‘बरोबर’, ‘दुसरं काय’ म्हणत जातो आणि शेवटी आपलं मूळ मत टाकून देतो. खाडीकाठच्या वस्तीत या मालाला गिऱ्हाईक नव्हतं, पण मास्तरांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

या म्हाताऱ्यावरून पंडितांत जुना वाद आहे. काही म्हणतात, उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. अज्ञानाचं सोंग घेऊन तो माणसाला हवं तिथे नेतो. हे वाचलं की मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हाताऱ्याला खरोखरच ठाऊक नाही, म्हणूनच समोरच्याचा प्रत्येक ‘हो’ मनापासूनचा आहे, असं त्यांचं भाष्य ठासून सांगत होतं. घरातही त्यांची हीच रीत. मुलीला, हंसाला, त्यांनी कधी हुकूम सोडला नाही. ते फक्त विचारायचे. त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

गेल्या रविवारी त्यांनी असंच विचारलं होतं. हंसा मॅट्रिक झाली होती आणि तिला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन शिक्षिका व्हायचं होतं. मास्तरांच्या मनात मात्र प्रोफेसर तांडेल भरले होते. सातपाटीचे, आपल्याच जातीतले, मुंबईत तर्कशास्त्र शिकवणारे. आणि मास्तरांचं भाष्य पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला जगातला एकुलता एक माणूस! मास्तरांचं मुंबईतलं व्याख्यानही त्यांनीच ठरवलं होतं.

हंसा ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. मास्तर समोर येऊन बसले.

“शिक्षण काय फक्त वर्गातच होतं?”

“नाही.”

“शहाण्या माणसाच्या सहवासातही होतं की नाही?”

“होतं.”

“मग असा सहवास जन्मभर मिळत असेल, तर कॉलेजातल्या दोन वर्षांपेक्षा तो बरा ना?”

“हो.”

“आणि तांडेल शहाणे आहेत?”

“हो, बाबा.”

झालं! मास्तर खूश होऊन उठले. येत्या रविवारी तांडेलांकडची माणसं सुपारी फोडायला येणार, हेही लगोलग ठरलं.

तलासरीत तेव्हा गवतकापणी सुरू झाली होती. वर्गातली बारकी नावाची चुणचुणीत पोर आईबरोबर कापणीला जाणार, असं मास्तरांच्या कानावर आलं. गुरुवारी त्यांनी तिच्या आईला, सुकीला, व्हरांड्यात बोलावून नेहमीच्या पद्धतीने एकेक पायरी चढवत नेलं. पोरगी शिकली तर चांगलं ना? हां. कापणी दरवर्षी येते, वय जातं ते जातंच ना? हां. मग बारकी शाळेत राहिलेली बरी ना? हां, गुरुजी.

शुक्रवारी बारकी वर्गात नव्हती. दुपारी मास्तर एस.टी. धरायला हायवेवर आले, तर तिथे सुकी उभी. हातात विळे, डोक्यावर बोचकं, आणि पदराआड बारकी.

“काल तू हां म्हणालीस ना?”

“हां.”

“मग ही कुठे चालली?”

“गवतावर.”

“अगं, मग हां कशाला म्हणालीस?”

सुकीला प्रश्नच कळेना. “तुमी इचारीत व्हते, गुरुजी. ना बोलली असती त तुमी आजून इचारला असता. मना घरा जायाचा व्हता.”

तेवढ्यात ठेकेदाराचा ट्रक आला. मायलेकी मागे चढल्या आणि धुरळ्यात दिसेनाशा झाल्या.

एस.टी.त मास्तरांनी भाष्याची वही उघडली, पण नजर प्रत्येक ‘हो’पाशी ठेचकाळू लागली. संवादात ‘हो’ म्हणत जाणाऱ्या या ग्रीक पोरालाही घरी जायचं असेल का? चारोटीला गाडी थांबली. चहा घेतला, तो तसाच ठेवून ते पुन्हा गाडीत येऊन बसले. रविवार तर परवावर आला होता.

घरी आल्यावर पायाला भिंगरी लागल्यासारखे ते अंगणात फेऱ्या मारत राहिले. बायको, चंद्रावती, वैतागली. “बसा ना एका जागी! मलाच गरगरायला लागलं.”

मास्तरांनी हंसाला हाक मारली. ती समोर येऊन उभी राहिली. तुला हे लग्न मनापासून पटलंय ना, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला उत्तर ‘हो’च येणार होतं. दुसरी वाक्यं जुळवून पाहिली. तीही सगळी ‘ना?’वर जाऊन टेकत होती. मास्तरांना आपल्याच जिभेची भीती वाटली.

“आज तू विचार,” ते कसेबसे म्हणाले.

हंसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मला विचारायच्या आधी तुम्ही तांडेलांना शब्द दिला होता?”

शब्द म्हणजे काय, तो कधी दिला म्हणायचा, यावर मास्तर तासभर बोलू शकले असते.

“हो,” ते म्हणाले.

“मग मला कशाला विचारत होतात?”

आतून येणारा चंद्रावतीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

“मला हे लग्न करायचं नाही,” हंसा म्हणाली.

‘का?’ मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. त्या ‘का’नंतरचा प्रश्न कुठला, त्याच्या पुढचा कुठला, आणि रविवारच्या आत पोरीला पुन्हा ‘हो’वर कसं आणायचं, सगळं त्यांना लख्ख दिसत होतं. शेवटचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

त्यांनी ओठ गच्च मिटले, पायात चपला सरकवल्या आणि तांडेलांना करायच्या तारेचे शब्द मनात जुळवत ते पोस्टाच्या रस्त्याला लागले.