गोदूचं आख्यान कोण लिहिणार

अनंतरावांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि कागद डोळ्यांपुढे धरला. "तदनंतर ती साध्वी शय्येवरून उठून, अश्रुपूर्ण नयनांनी, रिक्त तैलपात्राकडे पाहती झाली."

मुक्ताईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी सांगितलं होतं ते असं: मग गोदू उठली, बुधला हलवून बघितला, तळाशी पळीभर तेल होतं. बस, एवढंच.

"भाऊजी, माझी गोदू दारोदार तेल विकते. तिला शय्या कुठून आली? आणि बुधला रिकामा नव्हता. पळीभर तेल होतं त्यात, त्याच्यावर तर सगळं आख्यान उभं आहे."

"कीर्तनात ठीक आहे वहिनी. पुस्तकाला भारदस्तपणा लागतो."

"मग भारदस्त बाईचं पुस्तक काढा. हे गोदूचं आहे."

मुक्ताई कानिटकरांनी उभं आयुष्य कीर्तन केलं. पुण्यातलं कुठलंही देऊळ घ्या, तिथल्या उत्सवात एक दिवस त्यांचा असायचा. पूर्वरंगात त्या अभंग सोडवून दाखवत, आणि मग आख्यान लावत ते मात्र स्वतः रचलेलं. साध्या बायकामाणसांचं, कुठल्याही पोथीत न सापडणारं. ही आख्यानं कागदावर कधी आलीच नाहीत. तोंडात होती, तिथेच राहिली. मागच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं लेखणी धरेनाशी झाली. जीभ मात्र देवाने राखली. बुधवार पेठेतला एक प्रकाशक उन्हाळ्याच्या आत पुस्तक काढतो म्हणाला, तेव्हा त्यांना वाटलं, याचसाठी राखली असेल. कारण त्यांच्यामागे गादीवर उभं राहून ही आख्यानं सांगणारं कोणी नव्हतं. आता त्यांच्या बोलीत लिहिली गेली नाहीत, तर ती त्यांच्याबरोबरच जाणार होती.

अनंतराव त्यांचे धाकटे दीर. निवृत्त मुख्याध्यापक. बिबवेवाडीच्या त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे आणि वहिनींच्या प्रत्येक कीर्तनाला, झटक्यानंतर उरलेल्या एकादशीच्याही, पेटीवर बसायचे. लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे आपसूक आलं. त्यांनी ते घेतलं, आणि गोदूला नऊवारी शालू नेसवून टाकला.

"उद्यापासून लिहायला नका येऊ," मुक्ताई म्हणाल्या.

अनंतरावांनी पेनाला टोपण लावलं. शांतपणे, एका हाताने. "बरं. मग लिहिणार कोण?"

"यंत्र."

"छान. त्याला कीर्तनानंतर नारळ द्यायला विसरू नका. मला कधी मिळाला नाही, निदान त्याला तरी मिळू दे."

यंत्राची कल्पना समोरच्या फ्लॅटमधल्या पूर्वाची. ती मूळची नागपूरकडची, येरवड्याला एका आयटी कंपनीत कामाला. देवाधर्माशी तिचा काही संबंध नव्हता, घरी बुद्धवंदना व्हायची. पण आजोबांची गायन पार्टी होती, त्यामुळे कोणी खड्या आवाजात गायला लागलं की हिचे पाय जिन्यातच थांबायचे. मुक्ताईंचा हात गेला तेव्हापासून ती येता-जाता डोकवायची. तिनेच सांगितलं होतं की काकू, आजकाल लेखक लोक बोलतात आणि सॉफ्टवेअर लिहितं, फक्त सगळी सारखी नसतात, तीन आणते, ट्राय करून बघू.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन आली. तिच्या मागोमाग अनंतरावही आले, बोलावलेलं नसताना. दाराजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले आणि खाली उजेड कमी पडतो असं कारण त्यांनी दिलं. त्यांच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी होती हे तिघांनाही माहीत होतं.

पहिलं सॉफ्टवेअर फोनमधलंच, फुकटचं. बोलताबोलता अक्षरं उमटायची. मुक्ताई मोहरल्या. पण कीर्तनकाराचं बोलणं म्हणजे अर्धं थांबणं. चार वाक्यं सांगायची, एक श्वास घ्यायचा, ऐकणाऱ्याच्या मनात ते उतरू द्यायचं, मग पुढे जायचं. त्या थांबल्या की फोनही थांबायचा, आणि कायमचाच थांबायचा. पूर्वाने पुन्हा बटण दाबायचं, पुन्हा सुरुवात. ओवी गायला लागल्या तर त्याने काहीच लिहिलं नाही, नुसताच ऐकत राहिला.

"याला दम धरवत नाही," मुक्ताई म्हणाल्या.

"दम माणसं धरतात," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "पण त्यांना काढून टाकलंय."

दुसऱ्याला दर महिन्याला पैसे होते. ते आधी सगळं ऐकून घ्यायचं आणि मग नीटनेटकं करून द्यायचं. पूर्वाने त्याने दिलेला मजकूर वाचला. गोदू ही एक कष्टाळू व श्रद्धाळू महिला होती, अनेक अडचणींना तोंड देत तिने आपली भक्ती जपली, आणि शेवटी तिच्या निष्ठेचा विजय झाला.

मुक्ताईंनी तिला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्यांनी विचारलं, यातलं मी काय म्हटलं होतं? पूर्वाने प्रामाणिकपणे सांगितलं की काहीच नाही, ते आपलं आपण सुधारतं. शिवाय आवाज आधी कंपनीकडे जातो, तिकडे कुठेतरी परदेशात.

"सुधारणारा आमच्या खालच्या मजल्यावर राहतो," मुक्ताई म्हणाल्या. "त्याच्यासाठी महिन्याला पैसे कशाला मोजायचे?"

वर्तमानपत्राचं पान जरा जोरात उलटलं गेलं.

तिसरं त्या मानाने अडाणी. दिसायला कळकट, सुरू व्हायलाच वेळ लावणारं. पण ते लॅपटॉपमध्येच राहायचं, बाहेर कुठे जायचं नाही. माणूस किती का थांबेना, तेही थांबायचं. सुधारायचं तर अजिबात नाही. कोण बोललं तेवढं वेगळं दाखवायचं, वक्ता एक, वक्ता दोन असं. ओव्या तोडूनमोडून लिहायचं, त्या नंतर हाताने नीट करता येतील असं पूर्वा म्हणाली.

"हे चालेल," मुक्ताई म्हणाल्या. "याला ऐकता येतं."

मग त्या उठून उभ्या राहिल्या. आख्यान बसून सांगायची त्यांना सवयच नव्हती. नारदाच्या गादीवर कोणी बसतं का? पूर्वाने लॅपटॉप फळीवर ठेवला. मुक्ताईंनी डोळे मिटून देवाला हात जोडले आणि गोदूचं आख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मधेच कधीतरी अनंतराव उठून गेले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन दिवसांनी पूर्वा कागद छापून घेऊन आली, पण जिन्यातच तिचा चेहरा उतरलेला होता. तिने कागद मुक्ताईंच्या पुढ्यात ठेवले आणि बोट दाखवलं.

गोदू पळीभर तेल घेऊन निघाली. निघाली ती कुठे? पुढे काहीच नव्हतं, लगेच दुसरं वाक्य. देवळातला पुजारी तिला म्हणाला, बाई, एवढ्याशा तेलात दिवा. पुढे काहीच नाही. दिवा लावून गोदू धावत घरी आली, बघते तर लेकरू. आणि तिथे आख्यान संपलं.

तिला वाटलं होतं, यंत्राने खाल्लं. म्हणून तिने सगळा आवाज पुन्हा ऐकून काढला. यंत्राने काहीच खाल्लेलं नव्हतं. काकूच तेवढं बोलल्या होत्या.

मुक्ताईंना कळायला क्षणच लागला, आणि त्या एकदम खुर्चीत बसल्या. कीर्तन ऐकणाऱ्यांना हे माहीत असतं. कीर्तनकार वाक्य उचलतो, टोकापर्यंत आणतो आणि हात पुढे करून सोडून देतो. शेवटचा शब्द मंडपाने म्हणायचा. लेकरू कसं होतं? हसतंय! सगळा मंडप म्हणायचा, बायका पदराने डोळे टिपत म्हणायच्या, आणि सगळ्यात वरचा आवाज पेटीवरून अनंतरावांचा. इतक्या वर्षांत मुक्ताईंनी तो शब्द स्वतः एकदाही उच्चारला नव्हता. समोर मंडप नाही, नुसता लॅपटॉप आहे, हे त्यांच्या जिभेला कळलंच नव्हतं.

अनंतरावांनी पूर्वाला जिन्यात गाठून सगळं काढून घेतलं होतं. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास ते वर आले आणि या म्हणायच्या आत बसले.

"ऐकलं की यंत्राने आख्यान अर्धवट टाकलं."

"यंत्राने नाही. मी."

"तेच म्हणतोय मी." ते इतके खूश होते की आवाज जवळजवळ प्रेमळ झाला होता. "वहिनी, राग मानू नका. पण ती टोकं आम्ही जोडायचो. मंडप जोडायचा, मी जोडायचो. आख्यानात रडू यायचं ते त्या एका शब्दावर. तो तुम्ही कधी म्हटलाच नाहीत. मग या पुस्तकात तुमचं काय आहे?"

मागोमाग आलेली पूर्वा दारातच थबकली.

अनंतराव पुढे म्हणाले की वाद मिटवून टाकू, ते रिकाम्या जागा भरून देतील, भाषाही जरा पाहतील, मुखपृष्ठावर दोघांची नावं येतील. घरातलंच नाव आहे, परकं नाही.

मुक्ताईंनी पूर्वाला लॅपटॉप आणून सुरू करायला सांगितलं.

"आत्ता?"

"आत्ताच. भाऊजी बसलेत तोवर."

पूर्वाने फळीवर लॅपटॉप ठेवला. मुक्ताई उभ्या राहिल्या, चांगला हात त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टेकला. गोदूचं लेकरू तापाने फणफणलंय, देवळातला दिवा आज विझू द्यायचा नाही असा तिचा नेम आहे, घरात पळीभर तेल आहे. तिथपर्यंत आल्या. "गोदू तेल घेऊन निघाली. निघाली ती कुठे?"

"देवळाकडे," अनंतराव म्हणाले. सवयीने, पाय हलवत.

मुक्ताईंनी तळवा वर केला. पेटी थांबवायची असली की त्या असाच करायच्या.

"नाही. आधी शेजारणीकडे. तापलेलं लेकरू घरात एकटं टाकून कोणती आई देवळात जाईल? शेजारणीला उठवलं, लेकराजवळ बसवलं, मग गेली."

"हे आख्यानात नाही."

"शेजारीण होतीच. तुम्ही तिला बोलू दिलं नाहीत."

त्या पुढे सांगत राहिल्या. पुजाऱ्याचं टोक त्यांनी स्वतः जोडलं. अडखळल्या, मागे गेल्या, पुन्हा जोडलं. आवाज घोगरा व्हायला लागला. शेवटी दिवा लावून गोदू धावत घरी आली. "बघते तर लेकरू."

त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

"हसतंय," अनंतराव म्हणाले. या वेळी सवयीने नाही. मुद्दाम, ठासून, भरल्या मंडपात म्हणायचे तसं.

मुक्ताई थांबल्या. खूप वेळ थांबल्या. फळीवरचं यंत्रही थांबलं.

"लेकरू तापलेलंच होतं," त्या म्हणाल्या. "शेजारीण उठली आणि गोदूला जागा दिली. गोदूने लेकरू मांडीवर घेतलं, तेलाचा हात त्याच्या कपाळावर ठेवला. देवाला म्हणाली, तुझा दिवा लावून आले, आता तू माझ्याकडे ये. आणि देव आला. दारात चपला काढल्या आणि तिच्या शेजारी भुईवर बसला. लेकरू बरं झालं का, ते मी सांगणार नाही. गोदूला तेव्हा ते माहीत नव्हतं. देव शेजारी बसलाय, एवढं माहीत होतं."

पूर्वाने तोंड फिरवून घेतलं.

अनंतराव उठले. "लोक पुस्तक फेकून देतील."

"देतील."

"त्यांना हसणारं लेकरू हवं असतं."

"ते तुमचं आहे, भाऊजी. अगदी पहिल्या कीर्तनात मी दम घ्यायला थांबले होते, तुम्हीच पेटीवरून म्हणालात हसतंय, आणि मंडपाने धरलं. मलाही बरं वाटलं म्हणून मी चालवून घेतलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, तो शब्द माझा नाही. न्या तो परत."

अनंतराव दारात वळले. "एकादशीच्या कीर्तनाला दुसरा पेटीवाला बघा."

"बघते."

त्यांची पावलं जिना उतरत गेली, आणि खालचं दार लागल्याचा आवाज आला.

लॅपटॉपवर सगळं उमटलेलं होतं. वक्ता एक, वक्ता दोन, एकाखाली एक. पूर्वा म्हणाली की काकांचं सगळं बोलणंही यात आलंय, काय करू?

मुक्ताईंनी वाकून वाचलं. वक्ता दोन, देवळाकडे. वक्ता दोन, हसतंय. मग भांडण, शेवटपर्यंत.

"काढून टाक."

"त्यांचं फक्त?"

"माझंही. मधली त्यांची टोकं काढ, आणि लेकराजवळ देव बसतो तिथे थांब, त्याच्यापुढचं सगळं काढ."

पूर्वाने काढलं. ओळी वर सरकल्या आणि पान लहान झालं. मग तिने विचारलं, हेच सॉफ्टवेअर नक्की करायचं ना?

"हेच. आता कुंभाराच्या सुनेचं घेऊ. त्यात तर वाक्यावाक्याला लोकांवर सोडलंय मी."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पदर खांद्यावर ओढून घेतला. नमनाला सूर लागतो, आणि पेटीवरून तो द्यायला खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी स्वतःच धरला. तो जरा वर लागला. खाली आणायच्या भानगडीत न पडता त्यांनी तोच चालवला.