उजवा गाल

चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला माणसाचा चेहरा वाचायला वेगळं शिकावं लागत नाही. कोणाचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे, कोणाच्या नाकाचं हाड वाकडं आहे, कोणाला फ्रेम नेमकी कुठे टोचणार आहे, हे गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत तिला कळायचं. घरात ती धाकटी सून, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत, आणि बावन्नाव्या वर्षीही ते नाव तिला चिकटून होतं. गंमत अशी, की दोघी जावा शेजारी उभ्या राहिल्या की नवखा माणूस हमखास तिलाच थोरली समजायचा. थोरली तिच्याहून पाच वर्षांनी मोठी होती, पण वय जणू तिचा पत्ताच विसरलं होतं. लोकांची अशी फसगत झाली की थोरली ओठ मिटून हसायची. ते हसू धाकटीने तीस वर्षं गिळलं होतं.

तरी तेवढ्यासाठी कोणी चेहऱ्यावर सुरी चालवून घेत नाही. झालं असं, की दुकानाच्या मालकाचे गुडघे गेले आणि कारभार त्याच्या मुलीकडे आला. पहिल्याच महिन्यात तिने काउंटरवर दोन नव्या मुली आणून बसवल्या आणि धाकटीला मागच्या खोलीत काचा कापायच्या मशीनवर पाठवलं. वर गोड आवाजात म्हणाली, तुमचा अनुभव मागे जास्त उपयोगी पडेल. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. मशीनवर दिवसभर पाणी उडायचं आणि काचेच्या चुऱ्याचा पांढरा चिखल नखांत बसायचा. महिनाभर धाकटीने तो चिखल घासून काढला आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत चेहऱ्याच्या डॉक्टरची वेळ घेतली.

नवरा जहाजावर इंजिन-खात्यात होता, सहा सहा महिने बाहेर. तिने त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तुझा चेहरा, तुझी मर्जी. त्यानंतर तीन दिवस त्याचा फोन आला नाही.

डॉक्टरची बोटं मऊ आणि थंड होती. त्याने तिला आरशासमोर बसवलं, कानापाशी दोन्ही बाजूंनी कातडी हळूच मागे ओढली, आणि क्षणभर आरशात एक ओळखीची बाई दिसली, जिला धाकटीने पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं. बोटं सुटली तशी ती बाई गेली. टाके कुठे येणार, सूज किती दिवस राहणार, चेहरा हलवणारी नस कुठून जाते आणि ती दुखावली तर काय होतं, हे डॉक्टरने सगळं नीट सांगितलं. ऐकताना धाकटी मान डोलावत होती, पण तिचं लक्ष आरशातून हललं नव्हतं.

मग दवाखान्यातल्या समन्वयक बाईने एक यादी हातात ठेवली. दोन आठवडे आधीपासून रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी घ्यायची नाही, डोकेदुखीचीसुद्धा. शंका असेल तर फोन करा, असं म्हणून बाईने त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली. आणि ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे घरी कोणीतरी हवंच.

कोणीतरी म्हणजे थोरलीच. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता, शाळेच्या ग्रंथालयातून ती निवृत्त झाली होती, आणि घर वीस मिनिटांवर. धाकटीला तिला विचारायचं जिवावर आलं होतं. पण थोरलीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पलंगाला पाठीशी किती उशा लागतील.

अर्धशिशी हे धाकटीचं जुनं दुखणं. डोक्याची एक बाजू अशी ठणकायची की उजेडही आवाज करतोय असं वाटायचं. तिची नेहमीची गोळी त्या यादीत बसणारी होती, म्हणून नऊ दिवस तिने दात आवळून काढले. दहाव्या दिवशी मशीनसमोर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पर्समधल्या पाकिटातल्या दोन गोळ्या तिने नळाच्या पाण्याबरोबर घेतल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी परत दोन. दवाखान्यात फोन करावा असं तिन्ही वेळा वाटलं. पण फोन केला तर तारीख पुढे जाणार, पुढच्या तारखेपर्यंत धीर टिकेलच असं नाही, आणि सहा गोळ्यांनी असं कितीसं रक्त पातळ होणार?

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी फॉर्म वाचून विचारलं, की गेल्या दोन आठवड्यांत कुठलीही गोळी घेतली आहे का. धाकटी म्हणाली, नाही. तेवढा एक शब्द. मग तिने पर्स शेजारी उभ्या थोरलीकडे दिली, कपडे बदलले, आणि डॉक्टरने तिच्या चेहऱ्यावर जांभळ्या पेनाने रेघा काढल्या. कानापुढून खाली, पाळीला वळसा घालून मागे केसांत. ओळखपत्र काढून देण्यासाठी थोरलीने पर्स उघडली तेव्हा धाकटी आत निघाली होती. दारातून वळून पाहिलं तर थोरली पर्समध्ये हात घालून तशीच उभी होती. तिने मान वर केली, धाकटीकडे पाहिलं, आणि दार बंद झालं.

पहिला दिवस गुंगीत गेला. ती रात्र दवाखान्यातच काढली. सकाळी डॉक्टरने कानामागच्या बारीक नळ्या काढल्या, चेहऱ्याभोवतीचा पट्टा पुन्हा बांधला आणि सगळं छान आहे म्हणून घरी पाठवलं. थोरलीने चार उशा रचून तिला अर्धवट बसतं केलं. बर्फाच्या पिशव्या, वेळ लिहिलेल्या औषधांचा कागद, पाणी प्यायला नळी, सगळं हाताशी होतं. थोरली चुकली नाही, आणि बोललीही नाही. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा बंद व्हायचा नाही. त्या दिवशी ती खुर्ची दाराशी ओढून बसली आणि दर पंधरा मिनिटांनी नुसती पाहून जायची. धाकटीला ते पाहणं खटकलं. आजाऱ्याकडे पाहतात तसं ते नव्हतं. गॅसवर दूध ठेवून माणूस पाहतं तसं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला उजवा गाल दुखायला लागला. दुखणार हे तिला माहीत होतं, पण डावा नुसता आवळल्यासारखा होता आणि उजव्यात आतून कोणीतरी पाचर ठोकत होतं. अर्ध्या तासात तिला जबडा उघडेना. थोरलीने दवाखान्यात फोन लावला. समन्वयक बाई समजुतीने म्हणाली, की दुसऱ्या दिवशी सूज वाढतेच, दुखण्याची गोळी द्या, उद्या सकाळी दाखवायला या.

थोरलीने फोन ठेवला. मग ती पलंगावर बसली, कात्रीने पट्ट्याची कड थोडी सैल केली आणि गालावर बोट टेकवलं. गाल दगडासारखा घट्ट झाला होता आणि वांग्याच्या रंगाची कातडी इतकी ताणली होती की चकाकत होती.

"उठ," ती म्हणाली. "आत्ता. चप्पल मी घालते."

टॅक्सीत तिने धाकटीचं डोकं स्वतःच्या खांद्याशी धरून ठेवलं होतं. समन्वयक बाई काउंटरवरून उठून काही बोलायला लागली तेव्हा तिच्याकडे न बघता थोरली सरळ आत गेली. डॉक्टरने पट्टा उघडला आणि त्याचा चेहरा बदलला. आत रक्त साचलं होतं. ताबडतोब टाके उघडावे लागणार होते, वरच्या कातडीचा जीव जायच्या आत. धाकटीला स्ट्रेचरवरून आत नेत असताना तिला थोरलीचा आवाज आला.

"डॉक्टर, हिने डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्यात. पाकिटातली सहा घरं रिकामी आहेत."

डॉक्टर थांबला. त्याने पाकिटाचं नाव विचारलं. थोरलीने ते तिच्या स्वतःच्या पर्समधून काढून दिलं.

आत जाईपर्यंत धाकटीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पाकीट वहिनींकडे कसं? मग भूल चढली.

रक्त काढलं. गाल वाचला. मात्र उजव्या कानामागचं बोटभर कातडं काळं पडलं आणि ओठाची उजवी कड खाली लोंबकळली. डॉक्टर तिच्यावर ओरडला नाही, आणि तेच तिला जड गेलं. तो म्हणाला, नस दबली आहे, बहुतेक परत येईल, सहा महिने लागतील, कधी कधी जास्त. येणार नाही असं तो म्हणाला नाही, पण येईलच असंही म्हणाला नाही. तीन दिवसांनी त्याने घरी सोडलं आणि सांगितलं, की कानामागची जखम रोज दोनदा धुवायची, औषध भरायचं, वर जाळीची पट्टी लावायची. हात हलका हवा.

घरी आल्यावर थोरलीने पहिल्यांदा पट्टी बदलली तेव्हा धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. तोंडाची एकच बाजू चालत होती, शब्द घसरत होते, तरी तिने विचारलं.

"वहिनी, पाकीट तुम्हाला कधी मिळालं?"

थोरलीचा हात थांबला नाही. "त्या दिवशी सकाळी. तुझं ओळखपत्र काढताना."

"म्हणजे मी आत जायच्या आधी."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

थोरलीने कापूस वाटीत टाकला. तिला दोन-तीन उत्तरं देता आली असती आणि तिने ती दिलीही. धाकटी इतक्या तयारीनंतर ऑपरेशनविना परत आली असती तर तिने जन्मभर थोरलीलाच बोल लावला असता. गोळ्या कधी घेतल्या हे तिला तरी कुठे माहीत होतं. बोलायला म्हणून ती दारापर्यंत गेलीही होती. धाकटी ऐकत राहिली. हे सगळं खरं असावं, पण एवढंच खरं नव्हतं, आणि ते दोघींना कळत होतं.

शेवटी थोरली खालच्या आवाजात म्हणाली, "आणि मनात आलं, की काही झालं तर होऊ दे. एवढंसंच आलं. पण आलं."

 धाकटी म्हणाली, तुम्ही जा. थोरली उठली, वाटी धुतली, हात पुसले. पण ती गेली तर? संध्याकाळची पट्टी कोण बदलणार? स्वतःच्या कानामागे माणसाला दिसत नाही. नवरा दोन समुद्रांपलीकडे होता. पगारी नर्स दवाखाना पाठवणार होता, पण चार दिवसांनी. थोरली दाराशी उभी राहिली, आणि धाकटी तिला पुन्हा जा म्हणाली नाही.

पुढचे अकरा दिवस त्या घरात दोन बायका राहिल्या आणि कामापलीकडे एक अक्षर बोलल्या नाहीत. मान फिरव. नळी धर. चावू नकोस, गीळ. नर्सचा फोन आला तेव्हा थोरलीने तो धाकटीच्या कानाशी धरला, आणि धाकटीने नको म्हणून सांगितलं. का, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. रोज दोनदा थोरली कात्री आणि चिमटा घेऊन मागे बसायची, आणि धाकटी तिच्या हातात मान द्यायची. कात्रीचं गार पातं मानेला लागलं की अंगावर काटा यायचा. काही झालं तर होऊ दे असं मनात आल्याचं स्वतः कबूल केलेल्या बाईचा तो हात होता. आणि तो हात हलका होता. आईचाही इतका हलका नसता. अकरा दिवसांत एकदाही दुखलं नाही, आणि धाकटीला प्रत्येक वेळी दुखेल असं वाटायचं.

बाराव्या दिवशी डॉक्टरने उरलेले टाके काढले. डावी बाजू खरोखर चांगली झाली होती. जबड्याची रेघ स्वच्छ, डोळा मोकळा. आरशात उजवा गाल झाकला की ती चाळीशीतली बाई दिसत होती, आणि डावा झाकला की अर्धांगवायू झालेली. थोरलीने त्या दिवशी आपली बॅग भरली. निघताना म्हणाली, तोंडाचे व्यायाम चुकवू नकोस, आणि अर्धशिशी उठली तर दुसरी गोळी डॉक्टरला विचारून घे. धाकटीने मान डोलावली. आभार मानावेत की तोंडावर दार लावावं हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून ती जिना संपेपर्यंत कठड्याशी उभी राहिली.

महिन्याभराने नवरा आला. त्याने तिचा चेहरा उजेडाकडे वळवून बराच वेळ पाहिला. दुखतं का, त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. नेमकं काय झालं, त्याने विचारलं. तिने गोळ्यांचं सगळं खरं सांगितलं, आणि पाकीट कोणाला मिळालं होतं ते सांगितलं नाही. वहिनींनी फार केलं तुझं, तो म्हणाला. ती म्हणाली, हो, फार केलं.

दुकानात मालकाच्या मुलीने तिला पाहिलं, नजर चटकन खाली घातली आणि सांगितलं, की मशीन तुमचीच वाट बघतंय. काउंटरचा विषय धाकटीने काढला नाही. दुखऱ्या कानावर स्वतःचा चष्मा टेकवता येत नसल्यामुळे आणखी दोन महिने ती डोळे बारीक करूनच काचा तपासत होती.

ओठ सातव्या महिन्यात हलायला लागला. पूर्ण आला नाही. बोलताना कोणाच्या लक्षात येत नाही, हसली की उजवी कड मागे राहते. डॉक्टरने फुकटात सुधारून देईन म्हणून दोनदा कळवलं, ती गेली नाही. थोरली आता महिन्यातून एखाद्या रविवारी येते. दोघी चहा पितात, घरच्यांच्या चार गोष्टी बोलतात. थोरली उठून पाठीमागून कप उचलायला गेली की धाकटीची मान अजून आपोआप ताठ होते. थोरलीला ते दिसतं. ती एक पाऊल बाजूला सरते आणि समोरून येऊन कप उचलते.