चार लाख बारा हजारांपर्यंत चहा नाही

आयव्ही प्रॉक्टरनं चाळीस वर्षं गिरणीत एका वेळी सहा माग सांभाळले. सहांपैकी कुठल्या मागावरचा धागा कधी तुटेल याचा नेम नसे, त्यामुळे तिचे डोळे एका जागी ठरायला कधी शिकलेच नाहीत. गिरणी बंद पडली तेव्हा इंग्लंडातल्या त्या बर्न्ली गावातल्या बाकीच्या बायका घरी बसल्या. आयव्हीला बसणं जमेना. ती उभ्यानं जेवायची, उभ्यानं पेपर वाचायची, आणि झोपेत तिची बोटं पांघरुणाच्या कडेला धागे जोडत राहायची. त्यापायी तिचा नवरा वॉल्टर याचं पांघरूण दर वर्षी चार बोटं रुंद होत गेलं.

घरात संगणक आणला वॉल्टरनं, तोही कबुतरांसाठी. शर्यतीच्या कबुतरांच्या वेळा आणि त्यांची घराणी त्यात भरून ठेवायची असा त्याचा बेत होता. पहिल्या कबुतराच्या आजीपर्यंत पोचला आणि कंटाळला. पण संगणकाबरोबर 'अवकाशयुद्ध' या खेळाची एक कॅसेट फुकट आली होती. टेपरेकॉर्डरला लावली की ती शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी पाच मिनिटं किंचाळायची, आणि मग टीव्हीच्या काळ्या पडद्यावर खाली आपलं इवलंसं यान, वरून रांगा करून उतरणारे शत्रू. आयव्हीनं रांगा मोजल्या. सहा होत्या.

"एवढंच?" ती म्हणाली, आणि पदर खोचल्यासारखी ॲप्रनची गाठ आवळून तिनं गोळ्या झाडायला सुरुवात केली.

त्या जून महिन्यात कामगार क्लबच्या भिंतीवरच्या फळ्यावर एक नवी ओळ उमटली. त्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत डार्ट्सचा विजेता, डॉमिनोजचा विजेता, सर्वांत जाड लीक, म्हणजे लांब दांड्याचा कांदा, पिकवणारा, अशी नावं असत. सगळे पुरुष, कारण बायकांना क्लबात शनिवारी नवऱ्याबरोबर यायची मुभा होती, सभासद व्हायची नव्हती. नवी ओळ अशी: 'अवकाशयुद्ध – सिरिल टॅटरसॉल – ४,१२,००० गुण.' सिरिल क्लबचा सेक्रेटरी. फळाही तोच रंगवायचा.

"एवढे तर मी बटाटे उकडेस्तोवर करते," शनिवारी क्लबात ते वाचून आयव्ही म्हणाली.

"फळ्यावर बायका चढवायच्या तर फळाच मोठा करावा लागेल गं," सिरिल म्हणाला. टेबलावरचे सगळे हसले, वॉल्टर सोडून. मग आयव्ही टक लावून बघत राहिली तसा तो म्हणाला, "बरं, माझ्या डोळ्यांसमोर करून दाखव. लगेच नाव लावतो. बुधवारी साडेसातला येतो."

साडेसात ही वेळ त्यानं मुद्दाम निवडली. बुधवारी साडेसात ते आठ टीव्हीवर सगळी गल्ली बघायची ती मालिका लागायची, आणि पावणेआठला मध्यंतर झालं की गल्लीतल्या बेचाळीस घरांत बेचाळीस किटल्या एकदम विजेवर चढायच्या. त्या गल्लीतली वीज म्हातारी. एका घरात किटली लावली तर त्या घरातला दिवा मान खाली घालायचा. बेचाळीस लागल्या तर चर्चचं घड्याळ उलटं चालायचं. आणि संगणकाचं डोकं असं, की विजेची नुसती पापणी लवली तरी सगळं विसरायचा. आकडा गेला की गेला.

बुधवारी सिरिल टोपी मांडीवर ठेवून सोफ्यात बसला. आयव्ही उभी. खेळताना ती या पायावरून त्या पायावर अशी सारखी झुलायची की गालिच्यात दोन खळगे पडले होते.

"बसून खेळलीस तर नेम लागेल," सिरिल म्हणाला.

"तू बसून खेळतोस म्हणून चार लाखांवर थांबलास."

पावणेआठला तीन मिनिटं कमी होती आणि आकडा एक लाख नव्वद हजार. रांगांचा वेग वाढला होता, हात उचलायची सोय नव्हती. आयव्हीनं डोळा पडद्यावरच ठेवून मान खिडकीकडे वळवली आणि ओठ हलवले. आवाज नाही. गिरणीच्या गोंगाटात आयुष्यभर बायका अशाच बोलत आलेल्या. समोरच्या घरातल्या डोरिस व्हिटलनं ते आपल्या खिडकीतून वाचलं: किटली लावू नका. तिनं शेजारणीकडे तोंड फिरवलं, शेजारणीनं पुढच्या घराकडे. दीड मिनिटात निरोप गल्लीच्या टोकाला. मध्यंतर झालं आणि एकही किटली वाजली नाही. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्याला वाटलं युद्ध जाहीर झालं; तो तळघरात जाऊन बसला.

सिरिल दिव्याकडे बघत राहिला. दिवा जळत होता. आठ वाजले, वर आणखी सात मिनिटं झाली. आकडा तीन लाख अठ्ठ्याण्णव हजारांवर गेला तेव्हा त्यानं घसा खाकरला.

"वॉल्टर, घसा सुकला रे. एक कप चहा मिळेल?"

आता त्या गावात पाहुण्यानं चहा मागितला की माणूस जळत्या घरातूनही आधी स्वयंपाकघराकडे धावतो. वॉल्टर उठला. त्याचा विचार अजून खुर्चीतच होता, हात मात्र किटलीच्या बटणावर पोचला होता. खट्. दिव्यानं मान टाकली. पडदा पांढरा झाला.

"साखर किती?" आतून वॉल्टरनं विचारलं. मग त्याला शांतता ऐकू आली. तो दारात आला, पडद्याकडे पाहिलं, आणि खाली बसला.

"अरेरे," सिरिल म्हणाला. "चल, निघतो मी."

आयव्हीनं आत जाऊन किटलीची पिन उपसली आणि परत येऊन कॅसेट मागे गुंडाळली. "बस."

"पुढच्या बुधवारी बघू की."

"चहा मागितलास तू. मागितलेला चहा टाकून गेलास तर लोक काय म्हणतील? पण माझा खेळ होईस्तोवर किटली लागत नाही. तेव्हा बस."

सिरिलनं खिडकीबाहेर पाहिलं. जूनचा उजेड अजून लख्ख होता. फुटपाथवर हाताची घडी घालून सव्वीस बायका उभ्या होत्या. त्यांनीही चहा घेतला नव्हता, आणि का नाही ते त्यांना ठाऊक होतं. सिरिल बसला.

कॅसेट किंचाळली. खेळ पुन्हा शून्यापासून सुरू झाला.

साडेआठला सिरिल म्हणाला, "पाणी चालेल."

"पाण्यासाठी कुणी एवढा वेळ बसतं का?" वॉल्टर म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्यानं पाहुण्याला नकार दिला होता. त्याचे कान लाल झाले.

तीन लाख साठ हजारांवर सिरिलची जीभ टाळूला चिकटली. "आयव्ही, मी मानलं. उद्या सकाळी नाव रंगवतो. आता तरी लाव किटली."

"तू मानून काय उपयोग? अजून बावन्न हजार आहेत." तिचे पाय थांबत नव्हते. दोन यानं तिनं गमावली होती, तीन उरली होती.

"सोनेरी रंगात गं. माझ्या नावाच्या वर."

"वर म्हणजे वरचा आकडा लागतो, सिरिल. डोळे उघडे ठेव."

नऊला दहा कमी असताना सिरिलचा आकडा मागे पडला.

"वाच," आयव्ही म्हणाली.

"चार लाख बारा हजार चारशे," सिरिल पुटपुटला.

"बाहेर ऐकू गेलं नाही."

त्यानं खिडकी वर सरकवून पुन्हा वाचलं, मोठ्यानं. बाहेरून कुणी टाळी वाजवली नाही. सव्वीसच्या सव्वीस बायका आपापल्या किटल्यांकडे धावायला वळल्या. वॉल्टरनं पिन उचलली.

"लावू?"

"कुणी लावायची नाही," आयव्ही म्हणाली. बायका जागच्या जागी थबकल्या. "अजून तीन यानं शिल्लक आहेत."

आणि ती या पायावरून त्या पायावर झुलत पुढच्या रांगेवर वळली.